भिंतीकडे वळलेले पक्षी

१

या चोरीतून एवारिस्तोला काय मिळणार होतं, याचा हिशेब आधी मांडते. पोलिसांनी तो शेवटपर्यंत मांडला नाही.

एवारिस्तो हा ग्रानादातल्या आल्बेर्का राजवाड्याचा पहारेकरी. एकतीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला चार महिने उरलेले. त्यानंतर फाटकाशेजारच्या दोन खोल्या मरेपर्यंत त्याच्या, असं विश्वस्तांनी कबूल केलेलं. खोल्यांमागे डाळिंबाचं एक झाड. ते त्याच्या बायकोनं लावलं होतं; बायको गेली, झाड राहिलं. शिवाय नोव्हेंबरपासून त्याच्या दुखऱ्या गुडघ्याची दया येऊन संचालकांनी त्याला वरच्या दालनातून खाली फाटकाशी आणलं होतं आणि गादीची खुर्ची दिली होती. इतकं सगळं हातात असताना त्यानं दोन वीत रुंदीचा टाइलचा एक तुकडा चोरला असता, तर त्याचं करणार काय होता? विकायला गेला असता तर पकडला गेला असता, आणि घरात लावला असता तर डाळिंबाखेरीज बघणारं कुणी नव्हतं. आणि पकडला गेला तर खोल्या, झाड, खुर्ची आणि नाव, चारही एका दिवसात जाणार. असा सौदा करायला माणूस फार हुशार तरी लागतो किंवा फार मूर्ख. एवारिस्तो यांपैकी काहीच नव्हता.

मी विसेन्ता. या राजवाड्यात एकोणीस वर्षं लोकांना फिरवते. आमच्याकडे येतात ते बहुतेक समोरच्या टेकडीवर अल्हाम्ब्रा या मोठ्या महालाचं तिकीट न मिळालेले. ठरलेलं स्थळ हातचं गेल्यावर दुसरीशी लग्न लावलेल्या नवरदेवासारखा चेहरा करून ते आत येतात, आणि तासाभरात त्यांना हेच स्थळ बरं वाटायला लावणं हे माझं काम. या कामात माणसं वाचायला येतात. भिंती वाचायच्या राहून जातात, त्याचं पुढे येईलच.

एक फेब्रुवारी, शहराचा पालक संत सान सेसिलिओ याचा दिवस. सगळी ग्रानादा मिठाची रोटी आणि ओले वाल घेऊन डोंगरावर गेलेली. त्या दिवशी आमच्याकडे प्रवेश फुकट असतो, म्हणून सालुस्तियानो दरवर्षी येतो. प्लासा लार्गाच्या कोपऱ्यावर लॉटरी विकणारा, जन्मापासून आंधळा. खिडकीच्या दालनात कमरेच्या उंचीवर कापीव टाइलचा एक चौकोन आहे. त्याला हात लावायची परवानगी साऱ्या शहरात एकट्या त्यालाच, ती आधीच्या संचालकांनी दिलेली. चौकोनात काळे, हिरवे आणि मधाच्या रंगाचे वाकड्या पंखांचे पक्षी एकमेकांमागे भिंगरीसारखे फिरतात; वरच्या पक्ष्याची चोच जिकडे, तिकडे ते उडतात असं आम्ही म्हणतो. सहाशे वर्षं फिरताहेत.

सालुस्तियानोनं बोटं फिरवली आणि हात थांबला.

“विसेन्ता, हे पक्षी कुणी फिरवले?”

मी म्हटलं, “तुमची लॉटरी लागायची वाट बघून कंटाळले असतील.”

तो हसला नाही. “बावीस वर्षं हे खिडकीकडे उडायचे. आज उलट्या बाजूच्या भिंतीकडे निघालेत. आणि हे जुने नाहीत, पोरी. कडा बोचतायत.”

मी मागे वळून पाहिलं. एकोणीस वर्षं मी रोज चार वेळा सांगत आले होते, की बघा, हे पक्षी खिडकीकडे, समोरच्या बर्फाच्या डोंगराकडे उडतायत. सांगताना तोंड लोकांकडे असायचं आणि पाठ पक्ष्यांकडे.

पक्षी भिंतीकडे उडत होते.

२

पहिल्या दोन दिवसांत आमच्या शहरातल्या पोलिसांनी जे करायचं ते केलं, म्हणजे ज्याच्याकडे किल्ली होती त्याला उचललं. दालन वर्षात एकदाच बंद होतं. नोव्हेंबरात ओल सुकवायला तीन आठवडे ते बंद ठेवलं होतं. वहीत किल्लीची सही एवारिस्तोची. चौकोन उचकटायला कसब लागत नव्हतं, कारण पणजोबांच्या काळातल्या दुरुस्तीत तो लाकडी फळीवर बसवून चार स्क्रूंनी भिंतीत पक्का केला होता. पेचकस घेऊन कुणीही जावं आणि काढावा.

मग त्यांनी त्याच्या खोल्यांची झडती घेतली आणि खाटेखाली डबा सापडला.

मेंब्रिओ फळाच्या गोड वड्या येतात तसा जुना पत्र्याचा डबा. आत टाइलचे आणि गिलाव्याचे दोनशे चौदा तुकडे, प्रत्येक वापरलेल्या तिकिटाच्या कागदात गुंडाळलेला. कागदावर एवारिस्तोचं गोल अक्षर: ‘दुसरं दालन, उत्तरेची भिंत, वादळानंतर खाली पडला, सात मार्च.’ असं एकतीस वर्षांचं. राजवाडा म्हातारा झालाय, तो कोंड्यासारखा झडतो. झाडू मारताना जे सापडलं ते या माणसानं केरात टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात डब्याचा फोटो, खाली ‘पहारेकऱ्याचा खजिना’. विश्वस्तांनी डब्याबद्दल वेगळी तक्रार नोंदवली आणि खोल्या रिकाम्या करायची नोटीस फाटकावर चिकटवली, त्याच्याच खुर्चीच्या वर. निर्दोष सुटला तर नोटीस मागे घेतली जाईल, असं खाली छापलं होतं.

तिसऱ्या दिवशी सेव्हियाहून इन्स्पेक्टर ओल्मेदो आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सतत सूर्यफुलाच्या बिया सोलणाऱ्या. टरफलं जमिनीवर न टाकता कोटाच्या खिशात ठेवायच्या. अशा माणसावर माझा लगेच विश्वास बसतो. त्यांनी मला सोबत घेतलं. म्हणाल्या, “तुम्ही फार बोलता असं ऐकलंय. मला तेच हवंय.”

एवारिस्तो जामिनावर सुटून खोलीत बसला होता. त्यांनी विचारलं, हे तुकडे संचालकांना का दिले नाहीत? तो म्हणाला, दिले होते. फाद्रिकेसाहेब नवे आले तेव्हा पहिल्याच वर्षी डबा घेऊन गेलो होतो. ते म्हणाले, हा कचरा फेकून दे.

“लिहून दिलं होतं?”

“फेकून द्यायचं कोण लिहून देतं, बाई?”

ओल्मेदोबाईंनी एक बी सोलली. मग एक चमत्कारिक गोष्ट विचारली. डोळे मिटा, म्हणाल्या, आणि पक्षी कसे फिरतात ते हातानं दाखवा.

एवारिस्तोनं डोळे मिटले. धूळ पुसतात तसा त्याचा हात हवेत फिरला. चोच, पाठ, वाकडा पंख. हात गेला खिडकीकडे.

“आता डोळे उघडा,” बाई म्हणाल्या. “नोव्हेंबरनंतर वर गेला होतात?”

“जिन्यानं गुडघा मोडतो. साहेबांनीच मनाई केलीय.”

बाईंचं सोलणं थांबलं. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या, दारातून दिसणाऱ्या फाटकाजवळच्या गादीच्या खुर्चीकडे बघत होत्या.

३

जीर्णोद्धाराचं काम बघणारी लेओकादिया पस्तिशीची, दोन पदव्यांची. तिनं नकली चौकोन भिंगाखाली घातला आणि सांगितलं, की काम हातचं आहे, उत्तम आहे आणि वर्षाच्या आतलं आहे. बाईंनी विचारलं, चौकोन नुसता उलटा बसवला गेला असेल का, खालचं वर? लेओकादियानं डोकं हलवलं. भिंगरी कशीही टांगा, फिरायची तिकडेच फिरते. इथे मूळ नक्षीच आरशातली आहे.

मग न विचारता तिनं पुढचंही सांगितलं. असं काम शहरात एकच माणूस करतो, मोरोक्कोतल्या फेस शहराचा अब्देस्लाम. ते लोक तुकडे पालथे लावतात, झिलई जमिनीकडे आणि पाठ आपल्याकडे. चित्र डोक्यात उलटं धरावं लागतं. एखाद्या वेळी चुकतं माणसाचं.

सांगताना तिचं लक्ष भिंगातच होतं.

उस्ताद अब्देस्लामचा कारखाना काल्देरेरियाच्या चढावर, चहाच्या दुकानांमागे. गल्ली अशी, की पाहुणा आत शिरला तर बाहेर येईस्तोवर त्यानं चार चपला आणि एक दिवा विकत घेतलेला असतो. ऑक्टोबरात उस्तादानं आमचं कारंजं दुरुस्त केलं होतं, त्यामुळे मला ओळखून त्यानं पुदिन्याचा चहा पुढे केला. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा मात्र त्याचा चेहरा भिंतीसारखा झाला. नकली काम त्याचं का? त्याला माहीत नाही. कुणी सांगितलं होतं? त्याला माहीत नाही. माझ्या लक्षात आलं की त्याची नजर दाराजवळच्या चौकटीकडे जातेय. चौकटीत राहायच्या परवान्याचा कागद होता, मुदत जूनपर्यंत. त्याच्याखाली शिफारसपत्र आमच्या राजवाड्याचं, सही फाद्रिकेसाहेबांची.

बाई म्हणाल्या, “लोक म्हणतात, पालथं लावताना तुमच्याकडून चूक झाली.”

एवढं मात्र त्याला लागलं. त्यानं टोपलीतून मूठभर कापलेले तुकडे घेतले आणि जमिनीवर पालथे मांडायला सुरुवात केली. सगळे मातीच्या रंगाचे, एकसारखे. कुठला काळा, कुठला हिरवा, आम्हाला काही कळेना. तो बघतही नव्हता, माझ्याशी कारंज्याच्या पाण्याबद्दल बोलत होता. मग वर पट्टी दाबून सगळं उलटं केलं.

पक्षी बरोबर फिरत होते. राजवाड्यात खिडकी ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला.

“बेचाळीस वर्षं,” उस्ताद म्हणाला. “माझा हात मागितलं तेच देतो.”

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, म्हणजे काम त्याचं नाही तर. ओल्मेदोबाई म्हणाल्या, “काम त्याचंच आहे. त्यानं आत्ताच सांगितलं. आता उलटे पक्षी मागितले कुणी, तेवढंच शोधायचं.”

४

फाद्रिकेसाहेबांबद्दल मी वाईट बोलले तर लोक म्हणतील आता बोलते. म्हणून चांगलं आधी सांगते. माणूस विद्वान. आल्बेर्का राजवाड्यावर त्यांची तीन पुस्तकं आहेत, चौथं, मोठं रंगीत, तीन भाषांतलं, उन्हाळ्यात यायचं होतं. त्याचा सगळा खर्च स्वित्झर्लंडच्या कुणा श्रीमंत गृहस्थांनी उचललेला. ते गृहस्थ वर्षातून दोनदा यायचे, खिडकीच्या दालनात बराच वेळ उभे राहायचे आणि मला बक्षीस द्यायचे. साहेब बोलायचे गोड. राजवाड्यात मात्र क्वचित यायचे, कारण ओलीनं त्यांचं डोकं दुखायचं. त्यांचं कार्यालय खाली शहरात, ग्रान विया या हमरस्त्यावर, पाचव्या मजल्यावर.

तिथे आम्ही गेलो. त्यांनी एवारिस्तोबद्दल खरंखुरं दुःख व्यक्त केलं. एवढा जुना माणूस, म्हणाले, मी त्याला खुर्ची दिली, त्याचा गुडघा बघवत नव्हता. लिफ्टमधून वर येताना मी एक गोष्ट बाईंना सांगितली होती: एवारिस्तोचा गुडघा बारा वर्षं दुखतोय. बाईंनी साहेबांना फक्त विचारलं,

“साहेब, पक्षी मुळात कसे फिरत होते, ते जरा दाखवाल?”

“अवश्य.” साहेबांचा हात हवेत उठला नाही. तो मागच्या फळीकडे गेला. त्यांनी स्वतःचं पहिलं पुस्तक काढलं, बरोबर पान उघडलं आणि आमच्यासमोर ठेवलं. “हे बघा. मूळ चौकोन. हा फोटो सगळ्या जगात प्रमाण मानतात.”

ओल्मेदोबाई वाकल्या. मीही वाकले.

फोटोत पक्षी भिंतीकडे उडत होते.

५

छपाईत फिल्म उलटी लागली होती, इतकंच. सव्वीस वर्षांपूर्वीची चूक. पुढच्या दोन पुस्तकांत तोच फोटो तसाच गेला आणि ज्यांनी राजवाडा पुस्तकातून पाहिला त्यांच्यासाठी पक्ष्यांनी कायमची दिशा बदलली.

फाद्रिकेसाहेब फोटोकडे बघत होते आणि आम्ही का गप्प झालो हे त्यांना कळत नव्हतं. मी आजवर पाहिलेलं सगळ्यात केविलवाणं दृश्य ते. तीन पुस्तकं लिहिलेल्या माणसाला आपण काय चूक केली तेच दिसत नव्हतं.

बाईंनी तिथेच, बिया न सोलता, सगळं जोडून दाखवलं. नक्कल ज्यानं करवली त्याच्या मनात पक्षी उलटे होते. पहारेकऱ्यानं करवली असती तर भिंतीसारखी करवली असती. त्याच्या हाताला दुसरं काही येतच नाही. उस्तादाचा हात चुकत नाही, त्याला दिलेला कागदच उलटा होता. असा कागद ज्याला बरोबर वाटला, भिंतीपाशी उभं राहून चार स्क्रू पिळतानाही बरोबर वाटला, तो माणूस एकच, आणि संचालकाला किल्लीसाठी वहीत सही करावी लागत नाही. आणि ज्या माणसाला नवी झिलई पहिल्याच दिवशी दिसली असती, त्याला त्यानं आधी खुर्ची दिली.

“हा तर्क झाला,” साहेब म्हणाले. आवाज अजून गोडच होता. “पुरावा नाही.”

ते खरंच होतं. पुरावा काल्देरेरियाच्या चढावर बसला होता, आणि त्याचा परवाना साहेबांच्या सहीखाली टांगलेला होता.

आम्ही पुस्तक घेऊन पुन्हा उस्तादाकडे गेलो. त्यानं पान बघितलं, पण हात लावला नाही. एवढंच विचारलं, की एवारिस्तो घरी आहे की आत? मी सांगितलं, घरी आहे, पण महिनाअखेरीस घर राहणार नाही. कारंजं दुरुस्त करत होता तेव्हा एवारिस्तो रोज अकरा वाजता त्याच्यासाठी मसुरीचं गरम सूप घेऊन यायचा, दुखऱ्या गुडघ्यानं जिना चढून, डुकराचं मांस न घालता वेगळं केलेलं. ते मला ठाऊक होतं. त्या वेळी ते सांगितलं नाही मी. सांगायची गरज नव्हती.

अब्देस्लाम उठला, चौकटीतलं शिफारसपत्र काढलं, त्याची नीट घडी केली आणि खिशात ठेवलं.

“साहेबांनी सांगितलं, मुलांना हात लावायला एक नक्कल हवी. मी म्हटलं, साहेब, कागदावरचे पक्षी उलटे आहेत, भिंतीपाशी जाऊन बघा. ते म्हणाले, उस्ताद, ते पुस्तक मी लिहिलंय.”

त्यानं जबानीवर सही केली. मूळ चौकोन कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. आम्हाला दोघींना होतं. खिडकीपाशी फार वेळ उभे राहणारे ते गृहस्थ मला आठवत होते.

परतीच्या वाटेवर लेओकादिया भेटली, फाटकाशी उभी. तिनं ऐकलं होतं. म्हणाली, “मला डिसेंबरातच दिसलं होतं.”

मी विचारलं, मग?

“माझा करार जानेवारीत संपत होता, विसेन्ता. सही त्यांची लागते.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आणि तू? तू तर रोज चार वेळा तिथे असतेस.”

६

आता कुणी किती भरलं ते.

मूळ चौकोन एप्रिलमध्ये लाकडी पेटीतून परत आला. सोबत स्विस गृहस्थांचं सभ्य पत्र: अभ्यासासाठी मिळाला होता, आभारपूर्वक परत. चोरीच झाली नाही असं त्यावरून ठरलं, कारण परत आलेल्या वस्तूची चोरी विश्वस्तांना नको होती. फाद्रिकेसाहेबांनी प्रकृतीच्या कारणानं राजीनामा दिला, निरोपाला मांझानिया वाइन आणि भाषणं झाली. त्यांचं चौथं पुस्तक ठरल्याप्रमाणे आलं. पक्ष्यांचा फोटो त्यात पूर्ण पानभर आहे, पक्षी भिंतीकडेच उडताहेत. ओल्मेदोबाईंनी सेव्हियाहून एक प्रत मला पाठवली. पानात खूण म्हणून सूर्यफुलाचं एक टरफल होतं.

लेओकादिया आता हंगामी संचालक आहे.

चौकोनाच्या प्रकरणातून एवारिस्तो निर्दोष सुटला. डब्याच्या प्रकरणातून नाही. ती तक्रार आधीच नोंदलेली, आणि दोनशे चौदा तुकडे राजवाड्याच्या कुठल्या भिंतीतून कुठल्या तारखेला त्याच्याकडे आले याचा पुरावा त्याच्याच गोल अक्षरात होता. ‘फेकून दे’ हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. पेन्शन राहिलं, खोल्या गेल्या. तो मोत्रिलला भाचीकडे राहतो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डाळिंबाच्या जागी तिकिटाचं यंत्र आलं. डबा पोलिसांनी मे महिन्यात राजवाड्याला परत केला. तुकडे ठेवायला जागा नव्हती आणि तज्ज्ञांच्या मते त्यांना मूल्य नव्हतं. एका मंगळवारी ते गिलाव्याच्या राड्यारोड्याबरोबर गाडीत गेले. मी लोकांना फिरवत होते, खिडकीतून दिसलं.

उस्तादाचा परवाना जूनमध्ये संपला. नव्या संचालकांनी शिफारसपत्र दिलं नाही. नकली काम करणाऱ्याला राजवाडा कसं देणार, असं त्यांनी अत्यंत व्यवस्थित कळवलं. तो फेसला गेला. कारंजं पुन्हा गळतंय.

आणि सालुस्तियानो. पुढच्या सान सेसिलिओला तो आला, नवा शर्ट घालून. मी त्याला जिन्यात थांबवून सांगायला हवं होतं, पण जमलं नाही. त्यानं हात पुढे केला आणि बोटं काचेवर थांबली. सुरक्षिततेसाठी बसवलीय. त्यानं काच वरपासून खालपर्यंत चाचपली, कुठे संपते का ते बघितलं.

“कुठे उडतायत?” त्यानं विचारलं.

मी वळून पाहिलं. “खिडकीकडे.”

“तू म्हणतेस म्हणून,” तो म्हणाला आणि काठी टेकत खाली गेला. त्यानंतर तो आलेला नाही.

म्हणजे पक्षी कुठे उडतात हे ज्यांच्या हातांना ठाऊक होतं, त्या तिघांनी भरलं. एकानं घर, एकानं देश, एकानं तो चौकोन. ज्यांना दिसत होतं ते बढतीवर गेले. ज्यानं केलं त्याचं पुस्तक निघालं. राहता राहिले मी, एकोणीस वर्षं पक्ष्यांकडे पाठ करून उभी असलेली. माझ्या नावावर काही लागलं नाही. माझा करार आणखी पाच वर्षांसाठी वाढवलाय, आणि खिडकीच्या दालनात आता लोकांना सांगायला चोरीची गोष्टही आहे. ती ऐकून बक्षीस चांगलं मिळतं.